स्वस्त घराचा हिशेब

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्या पहिल्या दोन पानांवर एका घराचा हिशेब आहे. घर म्हणजे बारा बाय पंधराची एक खोली, पुढे पडवी, मागच्या बाजूला न्हाणी आणि संडास. रायपूरहून राजिमला जाताना अभनपूर मागे टाकलं की एका कच्च्या रस्त्यावर आत माझ्या मामांची वीस डिसमिल जमीन आहे. (शंभर डिसमिलचा एक एकर, इकडे गुंठे कोणी मोजत नाही.) त्या जमिनीच्या कोपऱ्यात हे घर उभं आहे. हिशेब असा : जुने खपरे, 4,500 रुपये. जुने वासे, आढं आणि दोन दारं, 11,000. मजुरी, 38,000. दोन खड्ड्यांचा संडास, 14,000. सौर पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर, तारा, दिवे आणि एक छोटा पंखा, 21,500. किरकोळ, 5,000. माती, 0. एकूण 94,000.

विजेची जोडणी घेतलेली नाही. खांब शंभर पावलांवर आहे.

घर झालं तेव्हा हा आकडा मी रायपुरात पुष्कळांना सांगितला. खरं तर कुणी विचारायची वाट न पाहताही सांगितला. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत चहा पिताना विषय निघाला, की मी म्हणायचे, पंतप्रधान आवास योजनेत खेड्यातल्या घराला सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार मिळतात, नक्षलग्रस्त आणि डोंगराळ भागात 1 लाख 30 हजार. माझं घर त्याहून स्वस्तात झालं. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे व्हायचे. चार सिमेंटच्या भिंतींसाठी आयुष्यभर हप्ते भरणाऱ्या माणसांना असा आकडा ऐकून एक प्रकारची सुटका वाटते, ती मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची आणि मी खूश व्हायचे. कुणी तरी म्हणालंच, ‘तू तर अगदी बापूंच्या वाटेनं निघालीस.’ मी नको नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

मग वहीतली पहिली नोंद मला टोचायला लागली.

ते खपरे, ज्यांना आमच्या घरात विदर्भातून आलेल्या सवयीनं कवेलू म्हणतात, मी त्याच गावातल्या एका वृद्ध बाईंकडून घेतले. सगळे त्यांना दाई म्हणतात, मीही दाई म्हणते. त्यांचं आवास योजनेतलं घर मंजूर झालं होतं. पहिला हप्ता खात्यात आला होता, पण जागा एकच. नवं घर जुन्याच्या जागेवर व्हायचं होतं. म्हणून मातीचं जुनं घर पाडलं. मिस्त्री सोमवारी पायाला येणार होता, मे संपत आला होता, आणि अंगणभर खपऱ्यांचे ढीग पडले होते. मी गेले तेव्हा त्या भाच्यांच्या एका झोपाळू बोकडाला हुसकावत ढिगावर बसल्या होत्या. ‘ए जुन्ना खपरा ला का करबे नोनी?’ त्यांनी विचारलं. या जुन्या कवेलूंचं करणार काय, पोरी? मी म्हटलं, घर बांधणार. त्यांना ते थट्टेचं वाटलं. माकडं दर वर्षी नासधूस करतात, पावसाच्या आधी दर वर्षी कवेलू फेरावे लागतात, म्हातारा गेल्यापासून वर चढायला कोणी नाही, सापकिरडू आढ्यातून लोंबतं, हे सगळं त्यांनी मला समजावून सांगितलं. जे टाकून द्यायला त्या वीस वर्षं थांबल्या होत्या ते मी घ्यायला आले होते.

त्यांनी नगाला दोन रुपये सांगितले. मी दीड म्हटलं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि हो म्हणाल्या. तीन हजार नग. माझे दीड हजार रुपये वाचले आणि मी ट्रॅक्टर शोधायला गेले. पुढे कळलं, की रायपूरच्या भोवतालचे ढाबेवाले आणि रिसॉर्टवाले गावठी शोभा आणण्यासाठी असे जुने खपरे चार-चार रुपयांना घेतात. दाईंना ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, पण मला शोधता आलं असतं. सोमवारी माझ्या अंगणात कोणी मिस्त्री येणार नव्हता.

त्याच पावसाळ्यात मी थोरोच्या ‘वॉल्डन’चं पहिलं प्रकरण मराठीत करून पाहत होते. कुणी काम दिलं नव्हतं. दुर्गा भागवतांचं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ मराठीत आहेच, आणि ते असताना दुसरं कशाला, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही; घर बांधताना आपण एकटे नाही असं वाटावं, एवढाच हेतू असावा. त्या प्रकरणातही हिशेब आहे. स्वस्त घराचा जगातला सर्वांत प्रसिद्ध हिशेब म्हणायला हरकत नाही. फळ्या आठ डॉलर साडेतीन सेंट, हजार जुन्या विटा चार डॉलर, काचेसह दोन जुन्या खिडक्या, चुना, खिळे, बिजागऱ्या, एक सेंटचा खडू. एकूण अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. जमीन इमर्सनची, कुऱ्हाड उसनी. 4 जुलै 1845ला थोरो तिथे राहायला गेला.

या फळ्या आल्या कुठून? जेम्स कॉलिन्स नावाचा एक आयरिश मजूर फिचबर्ग रेल्वेवर काम करत होता. त्याचं झोपडं थोरोनं फळ्यांसाठी विकत घेतलं. किंमत चार डॉलर पंचवीस सेंट. करार असा, की पैसे आज रात्री, कॉलिन्सनं पहाटे पाचला घर रिकामं करायचं, सहाला थोरोनं ताबा घ्यायचा. सहाला वाटेत त्याला ते कुटुंब दिसतं. सगळा संसार एका मोठ्या बोचक्यात : अंथरूण, कॉफी दळायचं यंत्र, आरसा, कोंबड्या. मांजर तेवढं मागे राहिलं. ते रानात गेलं, रानटी झालं, आणि पुढे एका सापळ्यात मेलं. थोरो त्याच सकाळी झोपडं मोडतो, खिळे उपसतो, फळ्या गाडीवर घालून तळ्याकाठी नेतो आणि गवतावर उन्हात वाळत टाकतो.

हे सगळं दीड-दोन पानांत उरकतं. तो ते लपवत नाही, हे त्याच्या बाजूनं म्हणायला हवं. मांजराचं मरण नोंदवणारा लेखक काही लपवत नसतो. पण ते कुटुंब कुठे गेलं, हे तो विचारत नाही. मी मसुद्यात कॉलिन्सच्या घराला ‘झोपडं’ म्हटलं होतं आणि थोरोच्या घराला ‘घर’. मूळ इंग्रजीतही दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे अनुवाद म्हणून चूक नाही. पण फळ्या त्याच आहेत. पहाटे पाचपर्यंत झोपडं असलेलं लाकूड पुढे घर झालं, मधे फक्त माणूस बदलला. हे मला मसुदा वाचताना दिसलं नाही. दाईंच्या खपऱ्यांखाली, कंदिलाएवढ्या उजेडात बसून चौथ्यांदा तपासताना दिसलं.

मराठीत तर शब्दांची ही वाटणी अधिकच उघडी आहे. पाच-सहा माणसं दाटीवाटीनं राहतात ती झोपडी, आणि तिच्यावर ‘पट्टी’ चढली की महानगरपालिकेची नोटीस येते. शेतात राखणीला बांधतात ती खोप. मोडकळीला आली की खोपटं. आणि त्याच मातीची, त्याच कुडाची, तेवढ्याच उंचीची वस्तू कोणी मोठ्या माणसानं राहायला घेतली, की ती कुटी. कुटीला कोणी अतिक्रमण म्हणत नाही. छत्तीसगढीत दाई त्यांच्या जुन्या खोलीला ‘कुरिया’ म्हणायच्या. मला तो शब्द फार आवडला, इतका, की मी त्याची पाटी करून घरावर लावायच्या बेतात होते. बरं झालं, सुतारानं वेळ लावला.

कुटी म्हटलं की आपल्याकडे एकच आठवते. गांधी 30 एप्रिल 1936ला वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. जमीन जमनालाल बजाजांची. (टपाल त्या दुसऱ्या, गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं म्हणून पुढे 1940मध्ये गावाचं सेवाग्राम झालं.) घर गावच्या कारागिरांनी गावच्या सामानातून बांधावं आणि खर्च शंभर रुपयांपलीकडे जाऊ नये, अशी त्यांची अट होती असं आश्रमात सांगतात. आदर्श घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा विचार गांधींकडून मिळाला असं वास्तुकार लॉरी बेकर आयुष्यभर सांगत राहिले आणि त्याप्रमाणे केरळात बांधतही राहिले. 1978च्या जानेवारीत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. बापू कुटीत ते बराच वेळ बसून राहिले आणि मग त्यांनी केलेलं भाषण त्या कुटीविषयीच होतं : चपला काढायची जागा, पाहुण्याची जागा, आजाऱ्याची जागा, आणि सामान ठेवण्यासाठी बांधलेल्या घरात व माणसानं राहण्यासाठी बांधलेल्या घरात काय अंतर असतं, याविषयी.

मी दोनदा सेवाग्रामला गेले आहे. इलिचना जे दिसलं ते मलाही दिसलं असतं, पण माझी नजर टेलिफोनवर अडकली. व्हाइसरॉयला गांधींशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन तिथे अजून जपून ठेवला आहे. ज्या घराच्या भिंती गावच्या मातीच्या, त्यातून थेट दिल्लीला आवाज जात होता. गांधींना गरीब ठेवायला किती खर्च येतो, हा विनोद त्यांच्या हयातीतच झाला होता आणि अजून होतो. तो मला पुरेसा वाटत नाही. टेलिफोन पाहून बाहेर आल्यावर थोड्याच अंतरावर परचुरे कुटी लागते. परचुरेशास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि त्यांना कुष्ठरोग होता. गांधींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. त्या काळी असा माणूस आश्रमात घेणं म्हणजे काय, हे आज सांगूनही कळणार नाही. गांधींनी त्यांना ठेवून घेतलं, स्वतःच्या कुटीजवळ त्यांच्यासाठी कुटी बांधवली आणि आपल्या हातांनी त्यांना मालिश केलं.

माती तीच, छप्पर तेच. एका कुटीतला माणूस ठरवलं असतं तर मुंबईत बिर्लांच्या घरी राहू शकत होता. दुसऱ्या कुटीतल्या माणसाला कोणी दारात उभं करत नव्हतं. या दोन कुट्या समान आहेत असं म्हणणं ढोंग ठरेल. पण पहिली खोटी होती, असंही मला म्हणता येत नाही, कारण तिच्यातून उठून दुसरीपर्यंत रोज जाणारी पावलं खरी होती. या पावलांचा खर्च आश्रमाच्या कुठल्या वहीत लिहिला असेल?

मी माझ्या बाजूनं बोलते आहे, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. तर आता विजेचं बोलू.

‘ऑफ-ग्रिड’ला मराठी शब्द नाही. मी ‘जाळ्याबाहेरचं’ करून पाहिला. मराठीत जाळ्यात माणूस सापडतो, म्हणून जाळ्याबाहेर म्हटलं की सुटल्यासारखं वाटतं. माझ्या घराला तो शब्द शोभतोही. पॅनेल दीडशे वॅटचं आहे, स्वच्छ दिवशी सहाशे वॅट-तासांच्या आसपास वीज देतं. सहा तास लॅपटॉप म्हणजे तीनशे, रात्री आठ तास पंखा म्हणजे दोनशे, तीन दिवे चार तास म्हणजे साठ. बेरीज बसते. बॅटरी अर्ध्याखाली उतरू द्यायची नसते, नाहीतर ती लवकर मरते, म्हणून दिवेलागणीला मी मीटरकडे पाहते. वीज मोजून वापरायची सवय लागते, हे खरं आहे, आणि त्यात आनंदही आहे. किती वाक्यं झाली यापेक्षा किती वॅट-तास उरले यावरून दिवस संपवणं, हे माझ्या कामाला चांगलंच मानवलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंती दुपारपर्यंत तग धरतात.

पण श्रावणात आभाळ चार दिवस उघडत नाही. वीज तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्या दिवसांत मी काय करते? स्कूटर काढते आणि तात्यापाऱ्यात आईकडे येते. आठवडाभराचे कपडे तिच्या मशीनमध्ये जातात. थोरोचे कपडे त्याची आई धूत होती म्हणून जगभर त्याची टिंगल होते. माझी अजून कोणी केलेली नाही, म्हणून मीच करते. आईची मशीन ज्या विजेवर चालते ती या राज्यात मुख्यतः कोळशातून येते. इथून दोनशेएक किलोमीटरवर कोरबा आहे. तिथे एनटीपीसीचं एकच केंद्र 2,600 मेगावॅटचं आहे, गेवरासारख्या प्रचंड खाणी आहेत, आणि त्यांच्या पायी गावंच्या गावं उठली आहेत. मी शंभर पावलांवरची तार घेतली नाही, म्हणून तिथला एक फावडा कोळसा कमी उपसला गेला, असं मी मानत नाही. आणि माझी बॅटरी चार-पाच वर्षांनी मरेल तेव्हा तिच्यातलं शिसं कुठल्या भंगारवाल्याच्या भट्टीत, कुणाच्या नाकातोंडाजवळ वितळेल, तेही मला ठाऊक नसेल.

शिवाय हाच शब्द दुसऱ्या तोंडातून ऐकायला हवा. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. तीस वर्षांहून अधिक काळ तिथे वीज नव्हती. 2014मध्ये तिथे सौरऊर्जेचं छोटं जाळं उभारलं गेलं, त्याचं कौतुक देशभर झालं. माजी मुख्यमंत्री आले तेव्हा गावकऱ्यांनी मागणी केली, की आम्हाला ‘असली बिजली’ हवी. ही नकली. तिच्यावर फ्रीज चालत नव्हता, हे कारण होतंच. पण ज्या जाळ्यात सगळा देश आहे त्यात आपणही असावं, ही इच्छा त्याहून जुनी होती. त्यांच्यासाठी जाळ्याबाहेर म्हणजे पंगतीबाहेर.

इथे कोणी म्हणेल, मग सोड हे सगळं. जो परत जाऊ शकतो त्याचं साधेपण हा खेळच. कॉलेजात असताना मीही असंच म्हणत असे, तावातावानं. आता मला हा युक्तिवाद वाटतो तितका कणखर वाटत नाही. मराठीत उपास आणि उपासमार हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत. ज्याच्या घरात अन्न आहे तोच उपास करू शकतो. ज्याच्या घरात नाही तो उपाशी राहतो. उपास करणाऱ्याला उपासमार कळते असं मुळीच नाही. (साबुदाण्याच्या खिचडीवर तर काहीच कळत नाही.) तरीही परत जेवता येतं म्हणून उपास खोटा होत नाही. कमी घेण्याला अर्थ असतो तो जास्त घेणं शक्य असतानाच. बिघडतं ते पुढे, उपास करणारा उपाशी माणसाच्या दारात जाऊन उपासाचे फायदे सांगू लागतो तेव्हा. किंवा त्याच्या घरून साबुदाणा निम्म्या भावानं आणतो तेव्हा.

माझं दुखणं या दुसऱ्या जातीचं होतं. मी कमी घेत होते, ते ठीक. पण ‘स्वस्त’ आणि ‘कमी’ हे मी एकच समजत होते. कमी हे मी काय वापरते त्यावरून ठरतं. स्वस्त हे समोरच्याला किती घाई आहे, त्याला काय ठाऊक नाही, त्याच्यामागे कोण उभं नाही, यावरूनही ठरतं. कॉलिन्सला पहाटे पाचला निघायचं होतं, दाईंचा मिस्त्री सोमवारी येणार होता. तो दीड हजारांचा फायदा वहीत माझ्या साधेपणाच्या खात्यावर जमा झाला होता. मंडळातल्या चहाबरोबर मी तोच वाटत होते.

आणि माती, शून्य. या नोंदीकडे माझं लक्ष एका जुन्या गोष्टीमुळे गेलं. बूढापाऱ्यात सप्रे शाळा आहे. लहानपणी तिच्यावरून रोज जाऊनही हे सप्रे कोण, हे मला फार उशिरा कळलं. माधवराव सप्रे, 1871चे, घरात मराठी, लिहिणं हिंदीत. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेलं, म्हणजे माझ्या धंद्यातले या गावचे मूळपुरुषच. 1900मध्ये त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढलं आणि पुढच्या वर्षी त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट छापली. हिंदीतली पहिली कथा तीच, असं मानणारे अभ्यासक आहेत. त्या वादात मला रस नाही. गोष्ट आहे झोपडीची. एका जमीनदाराला वाड्याचं आवार वाढवायचं असतं, शेजारी एका विधवेची झोपडी असते. तो कोर्टातून ती मिळवतो. बाईची नात जुन्या घरावाचून जेवत नाही, म्हणून चूल घालायला तिथली टोपलीभर माती न्यायची परवानगी ती मागते. भरून झाल्यावर टोपली उचलायला जमीनदारानं हात लावावा, अशी विनंती करते. त्याला टोपली जागची हलत नाही. मग ती त्याला विचारते, की एक टोपली उचलत नाही, तर या झोपडीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा उचलणार? तो शरमतो आणि झोपडी परत देतो.

शेवट मला पूर्वी भाबडा वाटायचा. जमीनदार असे शरमत नाहीत. पण आता मला त्यातला शेवट सोडून बाकीचं अधिक दिसतं : कोर्टाच्या कागदावर त्या मातीची वेगळी किंमत नव्हती. माझ्या भिंतींची माती मामांच्याच जमिनीतली, मटासी, पिवळसर. काळी कन्हार भेगाळते म्हणून ती घेत नाहीत. ती खणून, पाणी आणि पैरा घालून, म्हणजे भाताचा पेंढा घालून, दोन बायांनी अकरा दिवस पायांनी मळली. त्यांची रोजी मजुरीच्या रकान्यात आहे. पण कुठली माती घ्यायची, पैरा किती, एक थर किती सुकल्यावर दुसरा चढवायचा, छुहीचा हात शेवटी कसा फिरवायचा, हे सगळं त्यांनी मला सांगितलं आणि मी ‘माती, 0’ लिहिलं. या ज्ञानाला गावात आता गिऱ्हाईक नाही. नवी घरं विटा-सिमेंटची. ते स्वस्त आहे कारण ते संपत चाललंय, आणि मी त्या सेलमध्ये खरेदी केली.

मी एका पाकिटात साडेसात हजार रुपये घातले. चार रुपये भावानं तीन हजार खपऱ्यांचे बारा हजार होतात, त्यातून मी दिलेले वजा करून. आणि दाईंकडे गेले.

याचा परिणाम चांगला झाला नाही. दाई म्हणाल्या, ‘काबर?’ कशासाठी? मी समजावू लागले, की खपऱ्यांचा भाव कमी दिला होता. पण सौदा झाला होता, पैसे मिळाले होते, खपरे गेले होते; त्यात पुन्हा काय? तेवढ्यात त्यांचा मुलगा आला. तो नागपूरकडे बांधकामावर असतो, सणाला आला होता. त्यानं पाकीट हातात घेतलं नाही. कुठे सही करायची आहे का, असं विचारलं. जमिनीचं काही आहे का? शहरातून आलेली बाई कारण नसताना पैसे देते तेव्हा मागून कागद येतो, हे त्याला अनुभवानं ठाऊक असावं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. माझा चेहरा उतरला. प्रायश्चित्त घ्यायला गेलेल्या माणसाला समोरच्यानं भामटा समजावं, यात एक न्याय आहे, पण तो घरी आल्यावर सुचतो.

अर्धा तास आम्ही तिघं तसेच बसलो. मी म्हटलं, नको असेल तर परत नेते. मुलगा म्हणाला, न्या. दाई म्हणाल्या, थांब. त्यांनी पाकीट उघडलं, मोजलं, पाचशेच्या पंधरा नोटा. मग त्यातल्या तीन काढून घेतल्या, बाकीच्या माझ्याकडे सरकवल्या. दोन रुपये त्यांनी सांगितले होते, दीड मी दिला होता, तेवढेच, पंधराशे. चार रुपये हा ढाबेवाल्यांचा भाव, त्याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. दिवाळीनंतर त्यांनी नातवाबरोबर पिशवीभर दुबराज तांदूळ पाठवला. मी त्या पिशवीत आईनं केलेल्या चकल्या घालून परत पाठवली. तेव्हापासून ती एकच कापडी पिशवी आमच्यात फिरते आहे आणि कोणाची मूळची होती याविषयी मतभेद आहेत.

वहीत मी 4,500 खोडून 6,000 केले. एकूण 95,500. माती अजून शून्यावरच आहे. तिथे काय लिहायचं ते मला समजलेलं नाही. मंडळात आता कोणी आकडा विचारला, तर सांगते, पण त्यामागून खपऱ्यांची गोष्टही सांगते. ती लांबते, चहा गार होतो, आणि लोक पुढच्या वेळी विचारत नाहीत.

या मे महिन्यात दाई दुपारच्या माझ्या पडवीत येऊन बसू लागल्या. त्यांचं नवं घर चांगलं आहे, कोरडं आहे, दाराला कडी आहे, वीज आहे, त्यात एक रंगीत टीव्ही आहे. पण स्लॅब दुपारी तापतो आणि रात्री अकरापर्यंत निवत नाही. त्या येतात, पाय पसरतात, वर पाहतात. मला वाटायचं, जुन्या घराची आठवण येत असेल, आणि मी त्यांच्यासाठी थोडी हळवीही झाले होते. मग एक दिवस बोट वर करून म्हणाल्या, त्या कोपऱ्यातल्या चार ओळी उलट्या बसवल्यात, माकडांनी तिकडचे सात-आठ फोडलेत, पाऊस आला की पाणी थेट तुझ्या टेबलावर पडणार. फेरून घे. नातू करून देईल. दोन दिवसांचं काम, चौदाशे रुपये, आणि जेवण तुझ्याकडे.

मी हो म्हटलं. त्याआधी ‘हजार’ हा शब्द माझ्या जिभेवर येऊन बसला होता, आणि दाईंनी तो पाहिला असावा, कारण त्या हसत होत्या.